मृगाआधीची बाग: यंदा अधिक महिना आहे, तर काय लावायचं आणि काय थांबवायचं?

मातीमाय | १७ मे २०२६, सकाळी ७:५२

मे अर्धा सरला की माझ्या गच्चीच्या चकरा वाढतात. ठिकाण पुणे, दुसऱ्या मजल्यावरची गच्ची, साठेक कुंड्या-पिशव्या, आणि दुपारी अनवाणी पाय टेकवला तर चटका बसेल अशी फरशी. काल शेजारच्या काकूंनी कठड्यावरून विचारलं, "उद्या ज्येष्ठ लागतोय, झेंडूचं रोप घातलंस का?" म्हटलं, नाही, आणि इतक्यात घालणारही नाही. त्यांना पटलं नाही. म्हणून हा धागा. निदान त्यांना वाचून दाखवता येईल.

यंदाचा ज्येष्ठ अधिक आहे. आजपासून १५ जूनपर्यंत अधिक, मग निज. त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि दसरा पार २० ऑक्टोबरला. गेल्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे अठरा दिवसांचा फरक. सण तिथीवर चालतात म्हणून पुढे गेले, पण पाऊस काही अधिक महिना पाळत नाही. पावसाची नक्षत्रं सूर्याची. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, दरवर्षी तिथल्या तिथेच. म्हणून माझा हिशेब असा की भाजी नक्षत्रावर लावायची आणि सणाची फुलं सणापासून उलटं मोजून लावायची.

झेंडूचं बी टाकल्यापासून पहिलं फूल यायला माझ्याकडे ७०-७५ दिवस लागतात, आणि तोरणाला पुरेल एवढा बहर यायला ८५-९०. २० ऑक्टोबरपासून ८५ दिवस मागे गेलं की २७ जुलै येतो. आत्ता टाकलेला झेंडू ऑगस्टात फुलणार, भर पावसात पाकळ्यांत पाणी साठून गोंडे कुजणार, आणि दसऱ्याला दारात बाजारचंच तोरण. हे मी दोन वर्षं करून बसले आहे. गणपतीसाठी हवा असेल तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात बी टाका. रोप लावून तीन-चार आठवडे झाले की शेंडा खुडायचा. जीव कळवळतो, पण फांद्या त्यानंतरच फुटतात.

मग आत्ता काय करायचं? माती. सध्या रोज सकाळी दोन-तीन कुंड्या उपड्या करते आहे. काल वांग्याची जुनी कुंडी पालथी केली तर मुळांचा गोळा कुंडीच्या आकाराचाच बाहेर आला, नारळाच्या काथ्यासारखा घट्ट. खुरप्याने फोडला तर आत हुमणी! पांढरी, जाड, इंग्रजी 'सी'सारखी वाकडी, तपकिरी डोक्याची. एक, दोन, मोजत गेले तर सात. वांगं जानेवारीपासून का मलूल होतं ते तेव्हा कळलं. अळ्या कठड्यावर ठेवल्या आणि पाठ फिरवली, तेवढ्यात कावळ्याने निकाल लावला.

ही माती आता जुन्या पत्र्यावर पसरून आठ-दहा दिवस कडक ऊन खाईल. मग दोन भाग ही माती, एक भाग गांडूळखत किंवा पुरतं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. शेणखताला वास येत असेल किंवा हाताला गरम लागत असेल तर ते वापरू नका. हुमणी बहुतेकदा अशा कच्च्या खतातून घरात येते.

हळद, आलं आणि अळू मात्र लावून टाकले आहेत. उरलेलं तुम्ही सांगा. कोण काय लावतंय?

गच्चीकर | १७ मे, सकाळी ९:१०

वाखूसा (वाचनखूण साठवली). नक्षत्र आणि तिथीचा फरक इतका सरळ कुणी सांगितला नव्हता.

एक भर घालतो. मातीत सूत्रकृमी असतील, म्हणजे उपटलेल्या टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या असतील, तर नुसती पसरून भागत नाही. माती आधी ओली करायची, मग पारदर्शक प्लास्टिकने झाकून कडा घट्ट दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवायची. बरेच जण काळं प्लास्टिक वापरतात, पण काळं स्वतःच तापतं, पारदर्शकातून ऊन थेट मातीत उतरतं. आणि ओली माती उष्णता खालपर्यंत नेते. हे काम खरं तर एप्रिलचं. आत्ता सुरू केलंत तर मध्येच पाऊस गाठेल.

नवशिका_माळी | १७ मे, सकाळी ११:३३

माझी पहिलीच बाग. ठाण्यात पूर्वेची बाल्कनी, ऊन सकाळी चार तास. भेंडी, दुधी, टोमॅटो, मिरची आणि गुलाब, सगळ्यांचं बी आणून ठेवलंय. आज रविवार आहे तर सगळं लावून टाकू का?

मातीमाय | १७ मे, दुपारी १२:०५

@नवशिका_माळी, गुलाबाचं बी कुणी विकलं तुम्हाला? गुलाब कलमाचा आणायचा, तोही पाऊस स्थिरावल्यावर. चार तास उन्हात मिरची येईल, भेंडी कष्टाने येईल, दुधीचा नाद सोडा. त्याला कमीत कमी अठरा इंची पिशवी, सहा तास ऊन आणि चढायला अख्खी ग्रील लागते. शेजारी तुमच्याशी बोलेनासे होतील ते वेगळंच.

टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं आत्ता घाला. टोमॅटोचं रोप २५-३० दिवसांत लावायला येतं, वांग्याला महिनाभर, मिरचीला ३५-४० दिवस. आज बी टाकलंत तर रोप हातात येतं ते मृग-आर्द्रेत, तेव्हा हवा आपोआप मऊ झालेली असते. बी वितभर खोल पुरू नका. बियाच्या जाडीच्या दुप्पट माती वर पडली की पुरे.

उन्हातान्हात | १७ मे, दुपारी १:४८

नागपूरहून. तुमचं 'हवा मऊ' वाचून हसू आलं. आमच्याकडे पारा ४५ ला टेकला आहे आणि टोमॅटोला रात्रीसुद्धा गारवा नाही. आहे ती फुलं गळताहेत. फूल गळलं म्हणून लोक खत घालत सुटतात. खताचा काही संबंध नाही, तापमान उतरलं की तेच झाड फळ धरतं. ५० टक्क्यांची हिरवी जाळी, सकाळी सहाच्या आत पाणी आणि कुंडीवर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. मे महिन्यात एवढंच करायचं. लावणी नाही, जगवणी.

नक्षत्राबद्दल थोडा मतभेद. वडील शेती करायचे. मृग लागला म्हणून त्यांनी कधी पेरलं नाही, जमीन वीतभर ओली झाली की पेरायचे. मृग कोरडा गेलेली वर्षं मी पाहिली आहेत.

मातीमाय | १७ मे, दुपारी २:२०

शेताचं खरं आहे, तिथे दुबार पेरणी म्हणजे कंबरडं मोडतं. पण कुंडीला पाणी घालणं आपल्या हातात आहे. नक्षत्र मी पावसासाठी बघत नाही, ऊन कधी कलतं यासाठी बघते. आणि उलटंही होतं. गेल्या वर्षी २६ मेलाच मान्सून मुंबई-पुण्यात येऊन थडकला. मी २३ तारखेला काकडी-दोडक्याचे ट्रे गच्चीवर उघडे ठेवले होते. चार दिवस झोडपल्यावर बघते तर ट्रेमध्ये पेज. बी बोटाने दाबलं की आतून पांढरं पाणी यायचं. तेव्हापासून बियांचे ट्रे पत्र्याखाली, पाऊस येवो न येवो.

खारावारा | १७ मे, संध्याकाळी ६:१५

गच्चीवाल्यांचा धागा आहे हे कळतं, पण परसवाल्यांचंही ऐका. मी गोव्याच्या सीमेलगत, सिंधुदुर्गात. आमच्याकडे या दिवसांत वेलांची आळी तयार करायची गडबड असते. हात-दीड हात खड्डा, त्यात सुका पाला आणि काटक्या जाळायच्या, ती राख तिथेच, वर शेणखत आणि माती. पावसाच्या पहिल्या सरीनंतर तवसं (आमची मोठी काकडी), दोडकी, पडवळ, काकडी, भोपळा टोकायचा, एका आळ्यात चार-पाच बिया. दोन जोमदार वेल ठेवायचे आणि बाकीचे उपटायचे. उपटायला माझी आई कधीच तयार नसायची, म्हणून आमच्या मांडवावर पानं उदंड आणि तवशी दोन!

आमचं गणित झेंडूचं नाही, माटोळीचं. गोव्यात आणि आमच्या भागात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधून तिला रानातली-परसातली फळं, भाज्या, फुलं टांगतात. त्यात घरचं तवसं आणि दोडकं नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चैन पडत नाही. वेळेत गणपती आला तर मृगात टोकलेलं तवसं बरोबर हाताशी येतं. यंदा १४ सप्टेंबर म्हणजे मृगाचं तवसं त्याआधीच पिकून पिवळं होणार. मातीमायचा हिशेब वाचल्यावर ठरवलं की अर्धी आळी मृगात, अर्धी जुलैच्या पहिल्या आठवड्यात.

सोनटक्का | १७ मे, रात्री ९:३०

फुलांबद्दल कुणी बोलतच नाहीये. झेंडू म्हणजे काय सगळी फुलं झाली?

आत्ता लावायचे कंद: निशिगंध, लिली, सोनटक्का (नाव उगाच नाही घेतलं), कर्दळ. सोनटक्क्याला पाणी साठलेलं चालतं, उलट आवडतं. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर लावा आणि विसरून जा, ऑगस्टात संध्याकाळी घरभर वास. गुलबाक्षीला तर हातही लावायचा नाही. तिचा गड्डा मातीतच असतो, वळवाची एक सर पडली की स्वतःच डोकं वर काढते.

मोगऱ्याचा बहर आता ओसरतोय. फुलून गेलेल्या फांद्या एक-दोन पेरं खाली कापा आणि शेणखत द्या, पावसाच्या तोंडावर पुन्हा कळ्या धरतात. शेवंतीचे फुटवे जून-जुलैत वेगळे करायचे. तिला दिवस लहान झाल्याशिवाय कळीच येत नाही, त्यामुळे मेमध्ये लावा की जुलैत, फुलणार ती थंडीच्याच तोंडावर. मग मेमध्ये कशाला पोसायची?

तेरडा मात्र टाकून ठेवा. गौरीला लागतो. एकदा टाकला की दुसऱ्या वर्षी विकत आणायला नको, बोंडं तडकून बी आपोआप चहूकडे.

गच्चीकर | १७ मे, रात्री १०:०२

सोनटक्का +१. फक्त जास्वंदीची छाटणी राहिली. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) लागलेले शेंडे आत्ताच कापून जाळा. पावसात ते दिसेनासे होतात आणि तुम्हाला वाटतं गेले. जात नाहीत, खाली मुळाशी जातात, मुंग्या त्यांना खांद्यावर घेऊन फिरवतात.

पावशेर | १८ मे, सकाळी ८:२४

कारल्याचं बी उगवतच नाही. तीनदा टाकलं. पाकीट नामांकित कंपनीचं. काय चुकतंय? आणि गेल्या वर्षी दोडक्याला शेकड्यांनी फुलं आली पण दोडका एकही नाही. बायको म्हणते, फुलांचीच भजी करा.

मातीमाय | १८ मे, सकाळी ९:४०

कारल्याच्या बियांचं कवच जाड असतं. टोकाकडे नखकापणीने हलकासा चट्टा मारा, आतलं पांढरं दुखवू नका. मग दिवसभर कोमट पाण्यात. नंतर ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. गव्हाच्या कोठीवर, उबेला. तीन-चार दिवसांत मोड दिसला तरच मातीत टोका. पडवळ आणि दोडक्यालाही हेच. भेंडी फक्त रात्रभर भिजवा.

दोडक्याचं दुखणं बहुतेक गच्चीवाल्यांचं आहे. एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी. मादी फुलाच्या मागे बोटभर दोडका आधीच चिकटलेला दिसतो, नराच्या मागे नुसता देठ. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे नरच नर येतात, त्यात घाबरायचं नाही. आणि मुख्य गोष्ट, दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात. आपण बागेत जातो सकाळी! तोवर फुलं मिटलेली, कोमेजलेली. काकडी, कारलं आणि भोपळा सकाळी उघडतात, त्यांना मधमाशी भेटते. गच्चीवर दोडक्याला संध्याकाळी कुणी येत नाही.

मी साडेपाच-सहाला वर जाते. ताजं उमललेलं नर फूल खुडायचं, पिवळ्या पाकळ्या मागे वळवून काढायच्या, मधला परागाचा दांडा मोकळा करायचा. मग मादी फुलाच्या मध्यावर दोन-तीनदा हलकेच टेकवायचा, हळदी-कुंकवाचं बोट लावतो तसा. बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे. दोन दिवसांत मागचा दोडका फुगू लागला की जमलं. पिवळा पडून गळला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुधीचं पांढरं फूल तर अंधार पडता पडता उघडतं, त्याला मोबाईलचा दिवा लावावा लागतो. खालच्या मजल्यावरच्या मुलीला बराच काळ वाटत होतं की मी गच्चीवर चोरून फोन करते.

पावशेर | १८ मे, सकाळी ९:५५

म्हणजे वर्षभर भजी खाल्ली ती नर फुलांची! धन्यवाद. बायकोला सांगत नाही.

खारावारा | १८ मे, दुपारी ४:४४

अवांतर: नर फुलांची भजी उत्तमच लागतात, फक्त दोन-तीन वेलावर राहू द्या.

हळदीबद्दल एक. पुण्यातल्यांना हळद म्हणजे गड्डे, आम्हाला हळद म्हणजे पानं. नागपंचमीला पातोळ्या हळदीच्या पानातच होतात. तांदळाचं पीठ पानावर थापायचं, त्यात गूळ-खोबऱ्याचं चून, दुमडून उकडायचं. गोव्यात ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला होतात. यंदा नागपंचमी १७ ऑगस्टला, म्हणजे दोन्ही लागूनच आली. आत्ता लावलेल्या हळदीला तोवर बेताची पानं असतील. प्रत्येक झाडाची एक-दोनच काढा, सगळी ओरबाडलीत तर गड्डा पोसणार नाही. गड्डे मात्र पानं वाळल्यावर, आठ-नऊ महिन्यांनी. मध्ये उकरून बघू नका, हे नवशिक्यांसाठी!

नवशिका_माळी | १८ मे, रात्री ८:१९

कसं कळलं? काल लावलेलं आलं आज उकरून पाहिलं मी.

उन्हातान्हात | १८ मे, रात्री ८:४०

दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या), पण आल्याला पंधरा-वीस दिवस लागतात वर यायला. डोळा फुगलेला तुकडा, अंगठ्याएवढा, डोळा वर करून दोन इंच खोल, आणि वर आच्छादन. पाणी बेताने, नाहीतर कुजतं. आलं-हळदीला दुपारची सावली चालते, तुमच्या पूर्वेच्या बाल्कनीत ही दोनच पिकं खरी सुखी.

परदेशी_परस | १९ मे, सकाळी ६:३०

न्यू जर्सीहून. मला गंमत वाटते, 'उन्हाळ्याचा शेवट' म्हणजे तुमचा मे आणि आमचा ऑगस्ट. तुम्ही पावसाची वाट बघत लावता, आम्ही थंडीच्या आत काढायचं म्हणून लावतो. इथे ऑक्टोबरात रात्री दव गोठायला लागतं. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यावर मेथी, पालक, मुळा, आणि जरा गारवा आला की कोथिंबीर. जुलैच्या उन्हात कोथिंबीर टाकली तर चार पानांवरच फुलावर जाते. अळू मी कुंडीतच लावते, थंडीत कुंडी तळघरात नेते. पहिल्या वर्षी जमिनीत ठेवलं होतं, गड्ड्यांचा गाळ झाला.

तुमचा झेंडूचा उलटा हिशेब मला उपयोगी पडणार. इथे २० ऑक्टोबरला झेंडू थंडीत सापडायची भीती, म्हणून कुंडीत लावून रात्री आत घ्यावा लागेल.

गच्चीकर | १९ मे, सकाळी १०:१५

झेंडूच्या रोपांचा माझा एक कडू अनुभव. गेल्या वर्षी एका रोपवाटिकेतून 'डबल, मोठा गोंडा' म्हणून तीस रोपं आणली. फुलला तो एकेरी, पाच पाकळ्यांचा. विचारायला गेलो तर म्हणे, तुमच्या मातीत दोष. मातीने पाकळ्या कशा कमी होतील? तेव्हापासून बी स्वतः टाकतो. पण संकरित झेंडूच्या वाळलेल्या फुलातलं बी धरू नका, दुसऱ्या पिढीत तसाच गोंडा येईल याची खात्री नाही.

आणि एक महत्त्वाचं. कुंड्यांची भोकं तपासा. सळई घालून मोकळी करा, वर खापराचा तुकडा आडवा ठेवा. कुंड्या विटांवर उचलून घ्या आणि गच्चीची जाळी पाल्यापासून मोकळी करा. माझ्याकडे जूनमध्ये खालच्यांच्या छताला ओल आली होती, बागेवर बंदीच यायची वेळ.

मातीमाय | २४ मे, संध्याकाळी ७:०५

उशिरा उत्तर देतेय. काल वळीव आला, गारांसकट. मांडवाचा एक बांबू आडवा, बाकी ठीक. संध्याकाळी दिव्याखाली हुमणीचे भुंगेरे घोंघावत होते. पहिल्या वळवानंतर हे जमिनीतून निघतात आणि रात्री कडुनिंब, बाभळीवर बसतात. आमच्या कोपऱ्यावर कडुनिंब आहेच. कठड्यावर बल्ब लावून खाली परातीत साबणाचं पाणी ठेवलं, सकाळी चाळीसेक निघाले. एकेक मादी मातीत कितीतरी अंडी घालते, त्यामुळे हे दोन-तीन आठवडे परात रोज.

हळदीचा पहिला कोंब आज वर आला, गुंडाळलेल्या विड्यासारखा. कारल्याच्या आठपैकी सहा बियांना मोड. उद्या रोहिणी, भेंडी टोकणार.

आणि काकू. धागा वाचून दाखवला त्यांना, अगदी २७ जुलैसकट. शांतपणे ऐकलं, "बरं" म्हणाल्या. परवा आइस्क्रीमच्या दोन डब्यांत झेंडूचं बी टाकलं त्यांनी, वर ओला पेपर. आज दहा दिवसांसाठी गावी गेल्या. डबे माझ्या पत्र्याखाली ठेवून.

पावशेर | २४ मे, संध्याकाळी ७:२२

उगवले का?

मातीमाय | २४ मे, संध्याकाळी ७:३१

अजून नाही. दिवसातून तीनदा पेपर उचलून बघतेय.